कुसळ काढायचा आरसा

हौसाआत्याला शेवटचं भेटले ते सांगलीच्या दवाखान्यात. खिडकीजवळची खाट, पायाशी घडी घातलेलं घोंगडं... ते तिला उन्हाळ्यातही लागायचं. राउंडला आलेल्या तरण्या डॉक्टरांनी फाइलीत बघतच विचारलं, "आजी, दुखतंय कुठं?" सवयीनं मी "खाली" म्हणणार, तेवढ्यात आत्याच बोलली, "डाव्या अंगाच्या भायेरच्या ओठाला. खाली खाली काय, खाली तर पायबी हायत." शेजारच्या खाटेवरची बाई पदराआड हसली. डॉक्टरांनी मान वर केली. त्यानंतर तीन आठवड्यांनी शिरवळच्या कंपनीत, लॅबमध्ये नमुने लावत असताना भावाचा फोन आला. "आत्या गेली गं." मी हातमोजे काढले आणि तशीच स्टुलावर बसून राहिले. रडू आलं नाही. नुसता थकवा आला, आणि दोन महिने झाले तरी तो उतरलेला नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आटपाडीच्या पुढं माळावर आमचं गाव, घर मेंढरांमागं फिरणारं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तिनं मेंढरं राखली आणि वस्त्यांवरच्या बायकांची बाळंतपणं केली. अक्षराची ओळख नाही. आणि मी त्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. साताऱ्याच्या कॉलेजातून, हॉस्टेलवर राहून, प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. हे अभिमानानं सांगते, कारण ते सोपं नव्हतं. पण त्याच अभिमानाला चिकटलेली एक गोष्ट आहे, आणि आत्या असेपर्यंत ती लिहायचं धाडस मला झालं नसतं.

बेडकाची आकृती मी डोळे मिटून काढायची. स्वतःच्या शरीराचा जो भाग बाहेरून दिसतो, त्याची मात्र काढता आली नसती. शेवटच्या वर्षाला मोबाइलवर एक जाहिरात बघितली, 'तिथली' ठेवण सुधारून देणाऱ्या ऑपरेशनची. चित्रात सगळं कसं गुळगुळीत, दोन्ही बाजू सारख्या. माझं तसं नव्हतं. आतली एक घडी दुसरीपेक्षा लांब, बाहेर आलेली, रंगानं काळपट. हे व्यंग आहे, लग्न झालं की नवरा परत आणून सोडणार, असं मनाशी धरून बसले. पदवी हातात आली, स्थळं यायला लागली आणि मी एकेक मोडत गेले. आईला वाटलं, पोरीनं साताऱ्यात कुठंतरी जमवलंय. ती माझ्याशी बोलायची बंद झाली. इकडं मी पुण्यातल्या एका दवाखान्यात चोरून नाव लावून ठेवलेलं.

एका दुपारी शेळ्यांपुढं पाला टाकताना आत्यानं विचारलं, "कॉलेजवाली, पोरगा नको हाय का लगीनच नको हाय?" मी सगळं बोलून टाकलं. ती हसली नाही. समोरच्या शेळीचे दोन्ही कान धरले. "सारखं हायत का?"

"न्हाईत."

"मग काय एक कापायचा?"

तिनं शेळीचे कान सोडले. "आगं येडे, किती बायकांच्या पायापाशी बसली मी. एकीसारखी दुसरी न्हाई बघितली. कुणाचं आतलं ओठ झाकल्यालं, कुणाचं भायेर आल्यालं. काळं, तांबूस, लांब, आखूड... समद्या धडधाकट. तुला कुणी सांगितलं गं हे?" मोबाइलनं सांगितलं, हे तिला सांगायची लाज वाटली.

तिनं मला घरात नेलं आणि कमरेच्या पिशवीतून आरसा काढला. तळहातात मावेल एवढा गोल, पत्र्याच्या पाठीचा. माळावर डोळ्यात कुसळ गेलं की काढायला ती तो जवळ बाळगायची. "उजेडाला बस. मी उंबऱ्यावर हाय. कुणी आलं तर खोकते." दार ओढून, माझ्याकडं पाठ करून ती बाहेर बसली आणि तिथूनच एकेक सांगत राहिली. भायेरचं ओठ, आतलं ओठ, त्यांच्या मधी मुताची वाट बारकी, तिच्या खाली बाळाची वाट, पार मागं तिसरी. लघवी आणि पाळी एकाच वाटेनं येतात, असं मी बी.एस्सी. होऊनही समजत होते. "आणि वरच्या टोकाला हे काय?" मी विचारलं. ती बाहेरूनच म्हणाली, "त्यो दाणा. त्यो कामाचा न्हाई, नुसता सुखाचा. बाईला तेवढं एकच बिनकामाचं मिळालंय, ऱ्हाऊ दे की." पुढं मी पुस्तकातले शब्द शोधले, भगोष्ठ, मूत्रद्वार, शिश्निका. सगळ्यालाच आपण योनी म्हणतो, ती तर फक्त आतली वाट. पण मला ते सगळं कळलं ते दाराआडून आलेल्या आवाजात. पुण्याच्या दवाखान्यातलं नाव मी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. वर्षाच्या आत लग्न झालं. कुणी परत आणून सोडलं नाही.

इथंच थांबता आलं असतं तर बरं होतं.

आत्या आपणहून कधी फोन करायची नाही. गेल्या वर्षी केला. "लघवीला लय जळतंय गं." मी कामात होते. "पाणी जास्त पी," म्हणाले. दिवाळीत पुन्हा तेच, तेव्हा गोळ्या पाठवल्या. जिनं मला वाटा वेगळ्या करून दाखवल्या, तिला मी एवढंही विचारलं नाही की आत जळतंय का बाहेर कातडीवर. बाहेर होतं. पांढरा पडलेला चट्टा आणि त्यावर भरून न येणारी जखम. लघवी त्यावरून गेली की आग व्हायची. सांगलीला नेलं तोवर उशीर झाला होता, कॅन्सर पसरला होता. तिचे डोळे मोतीबिंदूनं गेलेले, आरशात तिला काही दिसत नव्हतं. "मला बघ म्हणून का नाही म्हणालीस?" मी खाटेपाशी विचारलं. "दुसरीचं बघताना कवा लाज वाटली न्हाई बया," ती म्हणाली. "आपलं दाखवायचं म्हटल्यावर वाटली."

मागच्या आठवड्यात तिचं सामान आवरायला गावी गेले. घोंगडं भावानं घेतलं. आरसा मी रुमालात गुंडाळून बॅगेत टाकत होते. आई दारात उभी होती. आरशाचं आत्यानं तिला कधीतरी सांगितलं असावं, पण इतक्या वर्षांत या विषयावर तिनं अवाक्षर काढलं नव्हतं.

"त्यो ऱ्हाऊ दे हितंच," ती म्हणाली.

"कशाला?"

ती भिंतीकडं बघत राहिली. "खाजतंय. चार महिनं झालं."

मी रुमाल सोडला. आरसा तिच्या हातात दिला. "उजेडाला बस. पांढरं दिसलं, गाठ लागली, जखम दिसली, काय बी असलं तर मला हाक मार, मी बघते. न्हाई दिसलं तरी उद्या सांगलीला जायचंच."

"आन् कुणी आलं तर?"

दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसले, तिच्याकडं पाठ करून. आत्याच्या जागेवरचा दगड बसून बसून गुळगुळीत झालाय. आतून बांगड्यांचा आवाज आला, मग काहीच नाही... वस्तीच्या वळणावर भावाची मोटारसायकल दिसली. तो अंगणात आला, गाडी लावली आणि दाराकडं निघाला.

मी खोकले.