अजीजभाई अर्धा श्वास उशिरा येतात

“अजीजभाई, परत एकदा घेऊ या.”

टॉकबॅकचं बटण दाबून मी हे सातव्यांदा म्हणाले. टॉकबॅक म्हणजे काचेपलीकडच्या गायकाशी बोलायचा माईक. अजीजभाईंनी हेडफोन सारखा केला, हात वर करून “इन्शाल्ला” म्हटलं आणि पुन्हा उशिराच सुरुवात केली.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. दुबईत अल क्वोजमध्ये, म्हणजे गोदामांच्या भागात, एका वेअरहाऊसच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. मी तिथे साउंड इंजिनिअर. रोजचं काम साबणाच्या आणि तांदळाच्या जिंगल्सचं. खाली दोन गॅरेजं आणि एक सुतारखाना, त्यामुळे गाणं रेकॉर्ड करायचं ते फक्त शुक्रवारी सकाळी, सुट्टीमुळे सगळी यंत्रं गप्प असताना. त्यातही साडेअकराला थांबायचं, कारण निम्मी मंडळी जुम्म्याच्या नमाजाला जायची.

इस्माईलभाई आणि अजीजभाई दोघं रत्नागिरीकडचे, नात्याने मेहुणे. इस्माईलभाईंची बहीण अजीजभाईंना दिलेली. इस्माईलभाईंचं दुबईतच करामा भागात शिवणकामाचं दुकान होतं. अजीजभाई आमच्याच गल्लीतल्या एका कंपनीत कॉम्प्रेसर दुरुस्त करायचे.

साठच्या दशकात हे दोघं मुंबईत नोकरीला होते. तेव्हा रेडिओवर परदेशी जोड्या ऐकू यायच्या. दोन पोरं, एक-दोन गिटार आणि गाणी मात्र आईबापांच्या जमान्यातली. अशा सगळ्यांना पाठ असलेल्या जुन्या गाण्यांना इंग्रजीत ‘स्टँडर्ड्स’ म्हणतात. तीच गाणी जरा उडत्या लयीत, दोन आवाजांत म्हटली की तरुण मंडळी खूश. आमच्या जोडीने ते ऐकलं आणि म्हणाली, स्टँडर्ड्स काय, आपल्याकडे पण आहेत. हळदीला आज्या म्हणायच्या ती गाणी त्यांनी गिटारवर बसवली. आज्यांनी नाकं मुरडली, पोरापोरींनी डोक्यावर घेतलं. चार-पाच वर्षं दोघांशिवाय कोकण्यांच्या लग्नाचं पान हलत नव्हतं म्हणे. मग गल्फची नोकरी लागली, संसार वाढला आणि गाणं मागे पडलं.

आता अजीजभाईंची साठी झाली होती. कंपनीने व्हिसा वाढवला नाही. रविवारचं विमान होतं, आणि जोडीचं एकही रेकॉर्डिंग कुठे नव्हतं.

“इथल्या पोरांना आपली हळद म्हायत नाय गो बाय,” बुकिंग करताना इस्माईलभाई मला म्हणाले होते. “एकच गाणं घे. पण दोघांचं घे.”

मी तेव्हा नव्या कॉम्प्युटरच्या प्रेमात होते. तो आल्यापासून मी प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा घ्यायची. एक गायक खोलीत एकटा, कानाला हेडफोन. हेडफोनमध्ये आधी झालेलं गाणं वाजतं आणि सोबत टिक-टिक असा ठोका. त्याला क्लिक म्हणतात. त्या ठोक्यावर गायचं. असं केलं की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरत नाही आणि नंतर हवी तशी दुरुस्ती करता येते.

इस्माईलभाईंनी गिटार आणि आपला आवाज दोन टेकमध्ये, म्हणजे दोन प्रयत्नांत, दिला. लय अशी चोख, की कात्रीने कापून घ्यावी. त्यांच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी अजीजभाईंचा दुसरा, खालचा सूर मिळायचा होता. तो कधी अर्धा ठोका मागे, कधी पुरा एक.

मागे बसलेले कुरियनसर, म्हणजे स्टुडिओचे मालक, घड्याळ बघत होते. “टाइम वेस्ट मत करो. कॉम्प्युटर में आगे सरका दो. खलास.”

मी दहा मिनिटांत अजीजभाईंचा सगळा आवाज पुढे सरकवून ठोक्यावर बसवला आणि इस्माईलभाईंना ऐकवला. खरं सांगायचं तर शाबासकीची वाट बघत होते.

इस्माईलभाईंनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं.

“छान केलंस,” ते म्हणाले. “पण ह्यो अजीज नाय.”

“आवाज त्यांचाच आहे, इस्माईलभाई. फक्त वेळेवर आणलाय.”

“ह्यो कोणतरी वेळेवर येणारा मानूस हाय.”

मला राग आला. चोराला सोडून संन्याशाला सुळी देतात तसं वाटलं. उशीर त्यांच्या मेहुण्याचा आणि बोलणी मला. एकदा हेडफोन तपासू, म्हणून क्लिक चालू ठेवूनच मी आतल्या खोलीत गेले. दार उघडलं तर क्लिकचा आवाज मला दारातून ऐकू आला. हेडफोन अजीजभाईंच्या कानावर होता आणि टिक-टिक चार पावलांवरून स्पष्ट ऐकू येत होती.

अजीजभाईंनी माझ्याकडे बघून हसत विचारलं, “सुरू करतेस काय?”

मी हाताने थांबायची खूण केली. बाहेर आले.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे कळायला हवं होतं. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचे आधी वरचे, बारीक आवाज जातात. खालचे, जाड आवाज बरेच दिवस टिकतात. गिटारचा घुमारा त्यांना थोडीफार पोचत असेल. क्लिक मुळीच नाही.

इस्माईलभाईंनी माझा चेहरा वाचला आणि उठून दार लावलं.

“तीन वर्षं झाली,” ते हळू म्हणाले. “घरी कुणाला सांगितलं नाय त्याने. त्याला वाटतं मलाही ठाऊक नाय. गाताना तो माझ्या तोंडाकडे बघतो. मी शेवटचा शब्द लांबवतो, मान हलवतो, मग तो येतो. गावाला जाऊन एकटा पडला की काय करील, अल्ला जाने. पण तू त्याला काय बोलू नकोस. त्याची लाज जाईल.”

माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही. सकाळपासून मी एका माणसाला सात वेळा काचेआड एकटं उभं केलं होतं.

साडेदहा वाजून गेले होते. मी आत गेले, अजीजभाईंच्या कानावरून हेडफोन काढला आणि मोठ्याने, तोंड त्यांच्याकडे करून म्हणाले, “हेडफोन बिघडलाय. दोघांनी समोरासमोर बसा. एकच माईक लावते, पूर्वीसारखं.”

कुरियनसरांनी लगेच विचारलं, “कौन सा हेडफोन खराब है? नया है!”

“सर, दोनों.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग दोघांकडे बघितलं, आणि स्वतः उठून दोन खुर्च्या आत नेऊन ठेवल्या. एकमेकांचे गुडघे लागतील इतक्या जवळ.

पहिल्याच टेकला गाणं झालं. इस्माईलभाई ओळ म्हणायचे, शेवटचा शब्द धरून ठेवायचे, अजीजभाई त्यांच्या तोंडाकडे बघत श्वास घ्यायचे आणि खालून अलगद येऊन मिळायचे. ठोक्याच्या हिशेबाने अर्धा श्वास उशीर होताच. खुर्ची एकदा करकरली तीही आली. गिटार दोघांच्या आवाजात मिसळली होती, म्हणजे आता काहीच सरकवता येणार नव्हतं. सकाळचं दुरुस्त केलेलं मी तिथल्या तिथे पुसून टाकलं.

निघताना इस्माईलभाई गिटार घेऊन जिन्यावर पुढे गेले. अजीजभाई माझ्यापाशी थांबले.

“हेडफोन टाकून देऊ नकोस, बाय,” ते म्हणाले. “चांगला हाय तो.” मग जिन्याकडे बघून म्हणाले, “त्याला काय बोलली नायस ना? उगाच जीवाला लावून घेईल.”

“नाही,” मी म्हणाले.

रविवारी अजीजभाई विमानाने गावाला गेले.

पाचेक वर्षांनी इस्माईलभाईंच्या मुलीच्या हळदीचं आमंत्रण आलं. करामातच, बिल्डिंगच्या गच्चीवर. अजीजभाईंना तोवर काहीच ऐकू येईनासं झालं होतं आणि प्रवासही झेपत नव्हता. ते रत्नागिरीलाच होते. आमची सीडी मात्र करामातल्या घराघरांत फिरली होती. हळद लागायला सुरुवात झाली तशी दहा-बारा पोरं पुढे आली. सीडी न लावता, दोन गट करून, तेच गाणं म्हणू लागली. मराठी शब्द अडखळत होते, पण चाल पक्की. पहिल्या गटाने ओळीचा शेवटचा शब्द लांबवला आणि दुसऱ्या गटाकडे बघितलं. दुसऱ्या गटाने श्वास घेतला आणि अर्धा श्वास उशिरा, खालून येऊन मिळाला. प्रत्येक ओळीला.

माझ्या शेजारी एक दहा वर्षांची मुलगी येऊन बसली. मी विचारलं, “तिथे का थांबता गं?”

तिने माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. “दॅट्स हाऊ द साँग गोज, आंटी.”

इस्माईलभाईंनीही ते ऐकलं. फोन करून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्यांनी अजीजभाईंना पत्र लिहिलं.

आता माझ्याकडे नवे इंजिनिअर शिकायला येतात. त्यांना मी एवढंच सांगते, की कुणाचाही आवाज पुढे सरकवण्याआधी गाणारा कुणाकडे बघून गातोय ते बघून या.