पायऱ्या आहेत, समुद्र नाही

विमान खाली उतरू लागलं तेव्हा समुद्रावर नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसली. शेजारच्या खिडकीतला माणूस मोबाइलवर त्यांचे फोटो काढत होता. माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि तिच्यात गुलाबी काठाचा एक खण. सिंगापूर बघायची हौस मला कधीच नव्हती. मी एका घराची क्षमा मागायला चालले होते, आणि तीही माझ्या चुकीबद्दल नव्हे.

मी जुन्या काळातल्या बायकांवर कादंबऱ्या लिहिते. ग्रंथालयात त्या पानं सुटेपर्यंत वाचल्या जातात आणि समीक्षक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. माझं समीक्षकांवाचून काही अडलेलं नाही. गेली दोन वर्षं मी माझ्या सुमामावशीच्या सिंगापूरवर लिहीत होते. तिचे यजमान जहाजावर इंजिनिअर, म्हणून पन्नासच्या दशकात लग्नानंतर ती पुण्याहून थेट तिथे गेली. लिली नावाच्या एका श्रीमंत चिनी बाईशी तिची मैत्री जमली. शाळांना सुट्टी लागली की लिलीचं कुटुंब कातोंगच्या किनाऱ्यावरच्या बंगल्यात राहायला जाई आणि मावशीलाही बोलावणं असे. सिंगापुरात बारा महिने उन्हाळाच, पण श्रीमंतांनी त्यातूनही आपला वेगळा उन्हाळा काढला होता. व्हरांड्यात पत्ते, ग्रामोफोन, बर्फ घातलेलं लिंबाचं सरबत, ओल्या केसांनी हिंडणाऱ्या बायका. मावशी सांगायची, मी लिहायची. दोनशे पानं झाली होती आणि त्यांत एकही ढग नव्हता.

मग मावशी घरात पडली. वय ब्याण्णव, खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात तिसऱ्या दिवशी तिने मला खुर्ची जवळ ओढायला लावली आणि आधी कधी न सांगितलेलं सांगितलं. लिलीची धाकटी मुलगी मे, चार वर्षांची, त्या बंगल्याच्या पायऱ्यांवर बुडून गेली होती. तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवायला मावशी होती.

"बंगल्यामागून पायऱ्या थेट समुद्रात उतरायच्या," मावशी म्हणाली. "पुढे पाण्यात खांब ठोकून कुंपण घातलेलं. पागार म्हणायचे त्याला. मासे नि काय काय आत येऊ नये म्हणून. मी मुठेच्या काठची मुलगी. कुंपण घातलेलं पाणी म्हणजे हौद, असं मला वाटलं. जेवणाच्या वेळी पायऱ्या खालपर्यंत कोरड्या होत्या. पोरीला तिथे बादली देऊन बसवलं आणि टोपी आणायला वर गेले. वर लिलीने नवी रेकॉर्ड लावली होती, ती ऐकत उभी राहिले. हौदाचं पाणी काय आपोआप वाढतं का? भरती म्हणजे काय हे मला कुणी शिकवलंच नव्हतं गं."

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आता हेही लिही," ती म्हणाली. "पण आधी जाऊन सांग त्यांना. त्या घरातल्या बाईची ओटी भर आणि माझ्यासाठी क्षमा माग."

निखिल, माझा भाचा, तुआसला जहाजदुरुस्तीच्या कामावर आहे आणि सेरंगूनला फ्लॅटमध्ये राहतो. त्याने जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं. बंगला अजून त्याच घराण्याकडे निघाला. गोल गोल अक्षरात उत्तर आलं: 'आई जाऊन फार वर्षं झाली. मी आहे. चहाला या. रोझी.' रोझी म्हणजे लिलीची थोरली मुलगी. मे गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती.

पहिले दोन दिवस मी पाहुणचार घेतला. निखिलच्या बायकोने, पल्लवीने, घरी थालीपीठ केलं आणि बाहेर लाक्सा (नारळाच्या दुधातली तिखट शेवयांची आमटी) खाऊ घातली. तिखट आपल्याला काय नवीन, अशा ऐटीत मी पहिला घास घेतला आणि ठसका लागून शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना उठून माझी पाठ थोपटावी लागली. पल्लवीची दहा वर्षांची इरा हसून हसून लाल झाली. मला खणाबरोबर नारळ हवा होता. तोही सुपरमार्केटात सोललेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मिळाला. त्याला शेंडीच नव्हती.

"आत्याआजी, सेम सेम, लाह," इरा तिथल्या लकबीत म्हणाली. "आत तोच नारळ आहे."

"बिनशेंडीचा नारळ ओटीत घालत नाहीत," मी म्हणाले.

"त्या मॅडमला काय कळणार?" पल्लवी म्हणाली. तेही खरंच होतं, पण मला कळत होतं. शेवटी शेंडीवाला नारळ मिळेपर्यंत ती बिचारी दोन दुकानं माझ्याबरोबर फिरली.

तिसऱ्या दिवशी निखिलने मला कातोंगला सोडलं. मी दोनशे पानांत ते घर बांधून ठेवलं होतं, त्यामुळे रस्ता मला पाठ असल्यासारखं वाटत होतं. घर आहे तसं होतं: पांढरे खांब, हिरव्या झडपांच्या खिडक्या, रुंद व्हरांडा. कानाला लाटांचा आवाज हवा होता. आवाज येत होता तो गाड्यांचा.

रोझी दारात उभी होती. शहात्तर वर्षांची, सडसडीत, फुलाफुलांचा सैल झगा, पायांत रबरी चपला. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, मी ते आपल्या भाषेत देते आहे.

"सगळे आधी मागचं बघायला मागतात," ती म्हणाली. "या."

मागच्या अंगणाच्या टोकाला दगडी पायऱ्या होत्या. मधोमध झिजलेल्या, कडेला शेवाळ. त्या खाली उतरत होत्या आणि संपत होत्या एका गल्लीत. गल्लीत गाड्या उभ्या होत्या. एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. पलीकडे उंच इमारती, त्यांच्या पलीकडे हमरस्ता.

"समुद्र?" मी विचारलं.

"सरकारने भर घालून मागे ढकलला. आता वीस मिनिटं चालावं लागतं," रोझी म्हणाली. "आई म्हणायची, बरं झालं."

मी सगळ्यात खालच्या पायरीवर उतरले. पाय कोरडे राहिले. मला तिथेच बसून घ्यावंसं वाटलं, पण पाहुण्या बाईने असं करू नये म्हणून परत वर आले.

चहाबरोबर तिने तांदळाचे हिरवे-पांढरे केक ठेवले होते, स्वतः केलेले. एक खाऊन झाल्यावर मी खण आणि नारळ टेबलावर काढून ठेवला आणि पुण्याहून घोकून आणलेलं बोलले. माझ्या मावशीला तुमच्या बहिणीच्या मृत्यूबद्दल क्षमा मागायची आहे, असं.

रोझीने भुवया उंचावल्या. "तिने कशाला मागायची? माझ्या बहिणीला तर आह यिनने बुडवलं."

"कोण आह यिन?"

"आमची आमा (मुलं सांभाळणारी चिनी बाई). पांढरा सदरा, काळी विजार, इथपर्यंत वेणी." तिने कमरेखाली हात नेला. "मे तिच्यावर सोपवलेली होती. ती स्वयंपाकघरात जेवत बसली. आईने त्याच दिवशी हाकलून दिलं."

माझ्या दोनशे पानांत आह यिन आहे. एका वाक्यात आहे. 'आमाने सरबताचा ट्रे आणून ठेवला.' बस, एवढीच. मावशीने मला तिचं नावही सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पत्ते खेळणाऱ्या बायकांच्या प्रत्येक पोलक्याचा रंग मात्र मी विचारून घेतला होता.

आता तोंड मिटून केक खाऊन निघता आलं असतं. या घराच्या लेखी माझी मावशी निर्दोष होती. पण तिने मला नेमकं हेच सांगायला धाडलं होतं. मी सांगितलं. आह यिनला 'तू जेवून ये, मी बसते' म्हणणारी मावशीच असणार, तिच्याशिवाय पायऱ्यांवर कुणी नव्हतंच. टोपी, रेकॉर्ड, हौद, सगळं सांगितलं.

रोझीने कप खाली ठेवला. ती पायऱ्यांकडे वळली.

"आई ओरडून विचारत होती, मेच्या जवळ कोण होतं," ती म्हणाली. "तुमची मावशी तिथेच उभी होती. हातात टोपी होती, मला आठवतं. ती काही बोलली नाही. आह यिन धावत आली, तोंडात घास तसाच. तिने तुमच्या मावशीकडे बघितलं. मला वाटलं, आता ही काहीतरी सांगेल. पण मालकिणीच्या मैत्रिणीवर बोट कसं दाखवणार? आणि तिला दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. तासाभरात तिची पेटी दोरीने बांधून दाराबाहेर होती."

"पुढे काय झालं तिचं?"

"दर वर्षी, मे गेली त्या तारखेला, ती यायची. संत्री घेऊन फाटकाशी उभी राहायची. आई म्हणायची, उघडायचं नाही. मी वरच्या खिडकीतून बघायचे. मला ती आईपेक्षा जवळची होती. रात्री मी तिच्या वेणीचं टोक मुठीत धरून झोपायचे. तरी मी खाली गेले नाही, कारण तिने माझ्या बहिणीला मारलं होतं." रोझीचा आवाज चढला नाही. "समुद्र बुजवल्यावर ती एकदा आली. मागच्या गल्लीत आली. कुठे तोंड करून उभं राहावं हे तिला कळेना. इकडे वळली, तिकडे वळली. मग संत्री पायरीवर ठेवून गेली. नंतर नाही आली."

"शोधता येईल का?"

"कुठे? आह यिन नावाच्या किती आमा होत्या माहीत आहे? तिचं पुरं नाव आम्हाला कधी लागलंच नाही."

मी खण तिच्याकडे सरकवला. ओटी म्हणजे काय ते सांगू लागले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि खण परत माझ्याकडे ढकलला.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "तुमची मावशी तुम्हाला सांगून मोकळी झाली. तुम्ही मला सांगून मोकळ्या झालात. मी कुणाला सांगू?"

दारापर्यंत सोडायला ती आली. उरलेले केक तिने डब्यात भरून दिले. त्या डब्याने मला फार लाज वाटली.

निखिलला यायला वेळ होता, म्हणून मी समुद्राकडे चालत निघाले. हमरस्त्याखालच्या बोगद्यातून पलीकडे गेले की बाग लागते, आणि मग तो. मुलं सायकली चालवत होती, कुणी चटईवर डबे उघडले होते, लांबवर निखिलच्या ओळखीची जहाजं उभी. अतिशय सुंदर जागा आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनी जरूर जावं. मी वाळूवर चपला काढून बसले आणि उठले तेव्हा एक चप्पल भिजून वाहत चालली होती. मलाही भरती कळली नव्हती.

"आत्या, जहाजावर पहिल्या आठवड्यात भरतीचं वेळापत्रक वाचायला शिकवतात," गाडीत निखिल म्हणाला. त्याने माझी थट्टा करायची म्हणून म्हटलं होतं. माझं तोंड बघून त्याने रेडिओ लावला.

नारळ पल्लवीला दिला. तिने दुसऱ्या दिवशी त्याची चटणी केली. चांगली झाली होती. खण मी बॅगेच्या तळाशी घातला.

पुण्यात उतरले ती तशीच मावशीकडे गेले. ती उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले. माझी वाट बघत बसली होती हे उघड होतं. वाटेत मी ठरवलं होतं की खरं ते सांगायचं. लिली गेली, रोझीने ऐकून घेतलं, आणि क्षमा मिळाली नाही. एवढं वय झालेल्या माणसाला खरं सोसतं, असं मी माझ्या कादंब‍ऱ्यांत अनेकदा लिहिलं आहे.

"लिली नाही ना उरली?" तिने विचारलं.

"नाही. रोझी आहे."

मावशीने मान हलवली. लिलीचं तिला काही विचारायचं नव्हतंच. तिने माझं मनगट धरलं.

"आह यिन भेटली का?"

म्हणजे क्षमा तिची हवी होती. एवढ्या वर्षांत ते नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं, मला धाडतानाही आलं नाही. 'त्या घरातली बाई' एवढंच ती म्हणू शकली, आणि त्या घरात बाई म्हटल्यावर मी मालकीण धरून चालले. मला तिचा संताप आला. तिच्या मनगटावरचं कातडं कागदासारखं झालं होतं. संताप टिकेना.

"भेटली," मी म्हणाले.

"काय म्हणाली?"

"जाऊ दे म्हणाली. फार जुनी गोष्ट झाली म्हणाली."

"खण दिलास?"

"दिला."

"वेणी आहे का अजून तेवढी?"

"आहे. पांढरी झालीय."

मावशीने माझा हात सोडला आणि डोळे मिटले. तिचा चेहरा इतका निवला की मला बघवेना. पुढच्या आठवड्यात ती गेली, झोपेत. सगळे म्हणाले, किती शांतपणे गेली.

कादंबरी मी थांबवली आहे. खण कपाटात आहे, कुणाला देता येत नाही. आह यिनला बोलू न देणारी मावशी पहिली. फाटक न उघडणारी लिली दुसरी. आह यिनच्या तोंडी तिची नसलेली क्षमा घालून तिला कायमचं परत पाठवणारी मी तिसरी, आणि मला तर सगळं माहीत होतं.