भाऊजींच्या छातीचा फोटो

निखिल, सई,

पन्नास वर्षं होत आली, ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. तुमच्या आईला नाही. तुमच्या आजोबांनाही नाही — आणि त्यांच्यापासून मी दुसरं काही लपवलं असेल असं मला आठवत नाही. माझं कपाट तुम्ही पाहिलं आहे, त्यातली प्रत्येक घडी जागच्या जागी असते. ही एक गोष्ट मी अगदी तळाला ठेवली आणि बाकीचं सगळं आयुष्य तिच्यावर रचत गेले.

मग आताच का? निखिल, मागे तू फोनवर खोकत होतास. अंगात ताप आहे म्हणालास, आणि तरी कामावर निघाला होतास. कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, आत्ता आजारी पडून चालणार नाही, असं म्हणालास. वर हसलास — "आजी, आजोबांचं बरं होतं. एकदा चिकटले की रिटायर होईपर्यंत चिंता नाही." मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. आजोबांचं बरं होतं, हे तुला कुणी सांगितलं? मीच. तुम्हाला सगळ्यांना मीच तसं सांगत आले.

तर आधी ते खरं सांगते.

काकांनी माझ्यासाठी स्थळ आणलं तेव्हा 'मुलगा डिप्लोमा झालाय, सातपूरला कंपनीत आहे' एवढंच सांगितलं होतं. टेम्पररी हा शब्द मी लग्नानंतर ऐकला. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले, शब्दाचा अर्थ मला येत होता. पण नाशिकच्या कारखान्यांत त्याचा अर्थ वेगळा होता. काही महिने कामावर घ्यायचं, कायम करावं लागेल अशी वेळ जवळ आली की 'ब्रेक' द्यायचा — म्हणजे घरी बसवायचं — आणि मग पुन्हा नवा माणूस म्हणून घ्यायचं. घेतलं तर. ब्रेकच्या दिवसांतही तुमचे आजोबा सकाळी नेहमीच्या वेळी सायकलला डबा अडकवून बाहेर पडत. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. दिवसभर कुठे असत? मी विचारलं नाही. डबा मात्र रोज रिकामा येई, आणि त्यांचं वजन उतरत चाललं होतं.

मग खोकला लागला. संध्याकाळी अंग गरम. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवं भोक पाडलं. कंपनीत सांगत, मशीनच्या तेलाचा धूर बाधतो. आणि सुट्टी? टेम्पररी माणूस आठवडाभर आला नाही, तर गेटबाहेर उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी त्याच्या जागी आत जाई. म्हणून दिवसभर ते खोकला दाबून ठेवत आणि घरी आले की खोकत. घर तेवढ्यासाठीच उरलं होतं.

देवळालीला, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा एका डॉक्टरांकडे आम्ही गेलो. छातीचा फोटो काढला — एक्स-रेला तेव्हा सगळे फोटोच म्हणायचे. उजवीकडे डाग होता. टीबी. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, औषधं आहेत, माणूस बरा होतो. पण औषध कित्येक महिने, सुरुवातीला पूर्ण विश्रांती, आणि अंथरूण वेगळं. मी प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हटलं. औषधं आणली आणि बडीशेपेच्या डब्यात ठेवली. इंजेक्शनं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका कंपाउंडरकडे. विश्रांतीचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

आणि नेमकं तेव्हाच कंपनीने काही टेम्पररी मुलांना कायम करायचं ठरवलं. यादीत आजोबांचं नाव होतं. अट एकच — कंपनीने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी आणि छातीचा फोटो.

त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे तुमचे प्रभाकरआजोबा, तेव्हा मनमाडला रेल्वेत नुकतेच चिकटले होते. सुट्टीला आमच्याकडे येत, नाशिकात द्वारका चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत. दोघा भावांची अंगकाठी एकसारखी. तपासणीच्या चिठ्ठीवर फक्त नाव लिहिलेलं होतं. "भाऊजींना पाठवलं तर?" — हे मी म्हणाले. तुमचे आजोबा नाही. मी.

भाऊजींना आम्ही सगळं सांगितलं. ते लगेच तयार झाले. शर्ट घालता घालता म्हणाले, "दादा, आजचा दिवस माझी छाती तुझ्या नावावर. वापरून झाली की हवा भरून परत दे." आजोबा म्हणाले, "हळू बोल रे गाढवा, भिंतीला कान आहेत." "मग भिंतीचाही फोटो काढून आणतो," भाऊजी म्हणाले. आम्ही तिघंही हसलो. किती दिवसांनी हसलो होतो!

फोटो स्वच्छ आला. आजोबा प्रोबेशनवर लागले. सहा महिने ठीक गेले की कायम.

आता अंथरुणांचं सांगते. तुमची आई तेव्हा तान्ही होती. तिला घेऊन मी आतल्या खोलीत झोपत असे आणि आजोबा बाहेरच्या. भाऊजी आले की त्यांचंही अंथरूण बाहेरच्या खोलीत पडे, भावाच्या शेजारी. वेगळं कुठे घालणार? जिन्याखाली घातलं असतं तर शेजारच्या काकूंनी विचारलं असतं, काय हो, दिराला बाहेर का? ती अंथरुणं मीच घालत असे. डॉक्टरांचं बोलणं ऐकलेली मी.

काही महिन्यांतच भाऊजींना खोकला लागला.

त्यांचं सगळं उघड्यावर झालं. रेल्वेची नोकरी कायमची होती. त्यांनी साहेबांना सांगितलं, रजा मिळाली, दवाखाना मिळाला, खाट मिळाली. मित्र खिडकीशी येऊन चेष्टा करत — "काय प्रभ्या, सरकारी अंडी खाऊन गाल वर आले की!" आजार एकच, भावाकडून भावाकडे आलेला. पण एकाला आजारी पडण्याची मुभा होती आणि दुसऱ्याला नव्हती. भाऊजी पूर्ण बरे झाले. आजोबांचं अर्धं फुप्फुस कायमचं गेलं. जिना चढताना ते मध्येच थांबून खिशात काहीतरी शोधायचे, आठवतं? काही शोधत नव्हते. दम घेत होते.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. इथवरचं आम्हा तिघांना ठाऊक होतं. तिघांनी मिळून गिळलं होतं. माझं एकटीचं अजून पुढेच आहे — आणि मी मघापासून त्याच्याभोवती फिरते आहे, हे मला कळतं.

भाऊजींचं लग्न ठरत आलं होतं. सिन्नरकडची मुलगी, शैला. शाळेत शिकवत असे. एकदा घरी आली तेव्हा भाऊजींच्या हातून चहाचा कप सांडला, तर म्हणाली, "असू दे, निदान बशी तरी धुतली गेली." मला फार आवडली होती. आजारपणाचं भाऊजींनी तिला स्वतःच सांगितलं होतं. ती म्हणाली, थांबू. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा करू.

तिचे मामा एका दुपारी आमच्याकडे आले. एकटेच. आजोबा फर्स्ट शिफ्टला होते. हे मामा आजोबांच्याच कंपनीत, टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत होते — ज्या टेबलासमोरून आजोबांना रोज आत जावं लागे, त्या टेबलामागे बसणारे. प्रोबेशन संपायला थोडेच दिवस राहिले होते.

मी चहा ठेवला. ते म्हणाले, "ताई, आमची पोर लय हट्टी. तिला टीबीची भीती नाय. आणि मलाबी नाय, बरा होतो तो आजकाल. फक्त एक इचारतो. पोराला हे लागलं कुठून? घरात आणखी कुणाला हाय का? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही खोटं नाय सांगणार, म्हणून तुमच्याकडं आलो."

खरं उत्तर किती सोपं होतं! त्यांच्या थोरल्या भावाकडून लागलं. तो भाऊ औषध घेऊन बरा होतोय, रोज तुमच्या टेबलासमोरून आत जातो, त्याची मुलगी ही बघा पाळण्यात, ठणठणीत. एवढं ऐकून मामा हसतच उठले असते. की दुसऱ्या दिवशी फोटोची चौकशी सुरू झाली असती? मला माहीत नाही. तेव्हा मला एकच दिसत होतं — गेट, आणि गेटबाहेर उभे असलेले तुमचे आजोबा.

बडीशेपेचा डबा मामांच्या समोर फळीवर होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

'घरात कुणाला नाही,' म्हटलं असतं आणि तिथेच थांबले असते, तर निदान ते अर्धंच खोटं झालं असतं. मी थांबले नाही. त्यांना कारण हवं होतं आणि मी ते दिलं, अगदी व्यवस्थित, एकामागून एक. "मनमाडला एकटेच असतात हो. खाण्याचा ठिकाणा नाही, रात्र रात्र जागरण. सिगारेट तर हातातून सुटत नाही. कितीदा सांगितलं. घरात दुसऱ्या कुणाला काही नाही."

भाऊजींनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही.

मामांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आजार बरा होतो, ताई. सवयी नाय जात. बरं झालं तुम्ही सांगितलं." मी तेव्हाही बोलू शकत होते. ते चपला घालेपर्यंत, जिना उतरेपर्यंत. गॅलरीत उभी राहून मी त्यांना चौकापर्यंत जाताना पाहिलं.

सिन्नरहून नकार आला. कारण कुणी सांगितलं नाही. भाऊजींना वाटलं, शैला शेवटी आजाराला भ्याली. मला म्हणाले, "वहिनी, तिचं बरोबरच आहे. कोण जाणूनबुजून उडी घेईल?" मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

आजोबा कायम झाले. मग का नाही सांगितलं? पत्र हातात आल्यावर कसली भीती होती? आजोबांना स्वतःलाही ते कायमपण कधी पटलंच नाही. एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावरसुद्धा, दुसऱ्यांच्या कंपन्या संपाने बंद असताना हे अंगात ताप घेऊन सायकल काढत. भाऊजींनी लग्न केलं नाही. सिगारेटची गोष्ट सिन्नरहून फिरत फिरत नातेवाइकांत आली, आणि मी ती खोडली नाही. सई, लहानपणी तू त्यांना 'धूरवाले आजोबा' म्हणायचीस. ते हसायचे. कुठल्यातरी मावशीने हे पिल्लू सोडलंय, असं त्यांना वाटायचं.

निखिलचा फोन आल्यावर दुसऱ्या सकाळी मी रिक्षा करून भाऊजींकडे गेले आणि हे सगळं, याच क्रमाने सांगितलं. त्यांनी शेवटी एकच विचारलं, "म्हणजे तिला भीती नव्हती?"

मी म्हटलं, नव्हती.

प्रभाकरआजोबा आहेत, त्यांची तब्येत चांगली आहे. दर रविवारी ते माझ्याकडे जेवायला येत असत. त्या दिवसानंतर आलेले नाहीत.