दोनशे चौसष्ट पावलं

आमच्या पडवीत दाराशेजारच्या खिळ्याला जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड सुतळीने टांगलेलं आहे. पिरंगुटच्या ज्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं, तिथे मालाच्या प्रत्येक कप्प्याला असं कार्ड असायचं. किती आलं, किती गेलं, किती उरलं. कप्प्यातला माल आणि कार्डावरचा आकडा जुळला पाहिजे, एवढंच माझं काम.

पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. मी नोकरी सोडून आमच्या गावी, रिह्याला, घरीच राहिलो. ती काठी धरून पुन्हा पाऊल टाकायला लागली त्या दिवशी मी एका कोऱ्या कार्डावर दोन रकाने आखले, तारीख आणि पावलं. पडवी अठरा फूट लांब. तिचं पाऊल नऊ इंचाचं पडायचं. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत चोवीस पावलं, ती एक फेरी.

मोजायची रीतही ठरवली. मी दोन वाट्या घेऊन तिच्या बाजूने चालायचो आणि पावलागणिक वालाचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत टाकायचो. ती खुर्चीत बसली की डाव्या हाताने दाणे मोजायची. तिचा आणि माझा आकडा जुळला तरच कार्डावर चढवायचा. तिने माझा खांदा धरला तर ते पाऊल जमेस धरायचं नाही, हा नियम माझाच.

ब्लॉगशी माझा संबंध आला तो तिला पलंगावरून खुर्चीत कसं बसवावं हे मोबाइलवर शोधताना. साताऱ्याकडची एक बाई वडिलांच्या आजारपणाबद्दल मराठीत लिहायची. तिच्या लेखाखाली प्रतिक्रिया देणारे सगळे आमच्यासारखेच, कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कुणाची आई. त्यातले बरेच जण स्वतःचा ब्लॉगही लिहायचे. मी मोजले, नियमित लिहिणारे चौदा होते. मी पंधरावा झालो.

या माणसांनी माझ्यासाठी काय केलं ते आधी सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. पत्नी एकाएकी रडायला लागायची, तासभर थांबायची नाही. माझंच काही चुकलं असं धरून मी खचायचो. कोकणातल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे ‘बाई’ म्हणायचो, त्यांनी लिहिलं, ‘दादा, हे आजाराचं रडं आहे, तुमच्यावरचं नाही. शेजारी बसा आणि विषय बदला.’ त्यांचे यजमान एसटीचे ड्रायव्हर होते, त्यांची डावी बाजू गेली होती. पुढे बटणं असलेला गाऊन कसा शिवून घ्यायचा, हे विदर्भातल्या एका काकांनी मापासकट कळवलं. एकदा मी लिहिलं की आज मी तिच्यावर ओरडलो, फार लाज वाटते आहे. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी लिहिलं होतं की आम्हीही ओरडलो आहोत. नातेवाईक सफरचंदं घेऊन येत आणि वीस मिनिटांत उठत. ही माणसं कधी भेटली नाहीत, पण रोज असायची.

साताऱ्याच्या बाईंच्या ब्लॉगवर दर रविवारी आमची ‘हजेरी’ असायची. ज्याच्या घरचं माणूस चालू लागलं आहे त्याने आठवड्यातली सगळ्यात जास्त सलग पावलं लिहायची. मग कौतुक, चेष्टा, चढाओढ. काका लिहायचे, ‘आमची म्हातारी आज संडासापर्यंत गेली अन् परत यायला तयार नाही.’ बाई लिहायच्या, ‘आमची गाडी अजून डेपोतच. ड्रायव्हर संपावर.’ आमचा आकडा हळूहळू बावन्नावर गेला, दोन फेऱ्या आणि वर चार पावलं. काकांनी लिहिलं, ‘रिहे आघाडीवर!’

मला ते आवडलं. सव्वीस वर्षांत स्टोअरकीपरला कुणी आघाडीवर म्हटलं नव्हतं. खरं तर पावलं तिची होती.

मग भातलावणीच्या दिवसांत तिला ताप आला. चार दिवस ती उठलीच नाही. पाचव्या दिवशी उठली आणि अकरा पावलांवर बसली. दाणे अकरा, तिची मोजणी अकरा, कार्डावर अकरा. रविवारी दुपारी हजेरी उघडली. कुणीतरी आधीच विचारलं होतं, ‘रिह्याचा आकडा किती? वाट बघतोय.’ मी अठ्ठावन्न लिहिलं.

 अगदी सहज लिहिलं. पुढच्या आठवड्यात ती भरून काढेल, मग हिशेब जुळेल, असं मनाशी म्हटलं. कारखान्यात हेच वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं होतं! पुढच्या रविवारी खरा आकडा एकोणीस होता. अठ्ठावन्नाच्या खाली उतरायचं कसं, म्हणून सत्तर लिहिलं. मग सव्वीसच्या जागी शहाण्णव. मग चोवीसच्या जागी एकशे वीस. पाच फेऱ्या. आकडा फेरीच्या पटीत बसवायचीही मी काळजी घेतली होती.

आणि या महिनाभरात कार्डावर मी एकही आकडा खोटा लिहिला नाही. ते तिच्यासमोर होतं ना.

मंगळवारी बाईंचा लेख आला. त्या एरवी हसत-खेळत लिहायच्या. हा लेख दहा ओळींचा होता. त्यांनी यजमानांना एकशे वीसचा आकडा वाचून दाखवला होता. वर टोचून म्हणाल्या होत्या, ‘रिह्याच्या वहिनींनी पाच फेऱ्या मारल्या, आणि तुम्ही आयुष्यभर घाट चढवून अंगणात चाळीस पावलांवर अडलात.’ सोमवारी सकाळी त्या मागे फुलं काढत असताना ते काठी न घेता एकटेच निघाले आणि चिऱ्याच्या पायरीवर पडले. उजवं मनगट मोडलं. तोच एक चालता हात होता. ‘आता घासही मीच भरवते,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘माझ्या जिभेने त्यांचा हात मोडला.’

मी ते तीनदा वाचलं. मग प्रतिक्रिया लिहिली, ‘बाई, स्वतःला दोष देऊ नका. असं होतं कधीकधी.’ त्या प्रतिक्रियेला सहा जणांनी बदामाचं चिन्ह दिलं. आजवर मी जे काही लिहिलं त्यातलं हे सगळ्यात हलकं वाक्य. आकडे खोटे लिहिले त्याहून मला याची लाज वाटते. बाईंना दोष कुणाचा हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मी त्यांचं सांत्वन करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घरातून वहिनी आल्या, माझ्या चुलत भावाची बायको. त्या रोज तासभर पत्नीजवळ बसतात, वाल सोलतात आणि गावभरचं सांगतात. त्या दिवशी त्यांनी मोबाइल काढला. लेकीने त्यांना आमची रविवारची हजेरी लावून दिली होती.

“हे बग, तुजं लिवलंय हितं,” त्या पत्नीला म्हणाल्या. “रिह्याच्या वहिनी म्हंजी तूच न्हवं? एकशे वीस पावलं. अगं, कवा गं चाललीस येवढी? मी तर रोज हितंच असते.”

मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. पत्नीने कपाळाला आठी घातली.

“तुला न्हाई आटवत?” वहिनी हसल्या. मग त्यांची नजर कार्डाकडे गेली. उठून त्यांनी बोट लावून बघितलं. “हितं तर लई झालं तर चोवीस हाय. मागल्या हप्त्यात सव्वीस. त्येच्या आदी एकोणीस.” त्या माझ्याकडे वळल्या. “भावजी, ह्यो काय घोळ वो?”

मी म्हणालो, “चहा निवतोय, वहिनी.”

“चहा निवूं द्या. कारखान्यात बी असंच लिवायचा व्हय तुमी?”

त्यांनी चेष्टेतच म्हटलं असेल. पण मला स्टोअरमधला एक सहकारी आठवला. गॅस्केटचा कप्पा न मोजताच त्याने आकडा लिहिला होता. बारा नगांचा फरक. मी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. तो माझ्या टेबलासमोर खाली मान घालून उभा होता आणि मी त्याला म्हणालो होतो, न मोजता लिहिणं ही चोरीच. त्याची मान अजून दिसते मला. मी मोजून, दाणे टाकून, तिच्याकडून तपासून घेऊन खोटं लिहिलं होतं.

वहिनी वालाची टोपली घेऊन निघून गेल्या. पत्नी कार्डाकडे बघत होती. बोलायचं असलं की तिचे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. मी वाट बघितली.

“कमी... पडले?” ती म्हणाली.

मला कळलं नाही असं मी दाखवलं.

“माझे,” ती म्हणाली. “कमी पडले... तुम्हाला?”

 ती रडली नाही. एरवी कारण नसताना तासभर रडणारी बाई त्या दिवशी रडली नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं. दुपारी ती चालायला उठली नाही. वाट्या मी तशाच परत ठेवल्या.

मग मी जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिलं. कारणं द्यायला लागलो की वाक्य लांबतं, म्हणून चार ओळींचा तक्ता केला. तारीख, खरी पावलं, लिहिलेली पावलं, फरक. सत्तेचाळीस, एक्कावन्न, सत्तर, शहाण्णव. एकूण दोनशे चौसष्ट. नऊ इंचाच्या हिशेबाने एकशे अठ्ठ्याण्णव फूट, म्हणजे आमच्या पडवीच्या बरोबर अकरा फेऱ्या. इतकं माझी पत्नी कधी चाललीच नाही. खाली लिहिलं, ‘बाई, तुमच्या यजमानांचा हात तुमच्या बोलण्याने मोडला नाही. माझ्या आकड्याने मोडला. कालची माझी प्रतिक्रिया मी पुसत नाही, ती राहू दे.’

छापण्याआधी तिला वाचून दाखवलं. तिने ऐकलं. मान हलवली नाही, नको असंही म्हणाली नाही.

काकांची प्रतिक्रिया पहिली आली. ‘दादा, आकडा अकरा असता तर काय आम्ही तुम्हाला घराबाहेर काढणार होतो? अकरा पावलं लिहिली असती तर आम्ही सगळ्यांनी वहिनींच्या तब्येतीची चौकशी केली असती.’ हे खरंच होतं. ओरडलो म्हणून लिहिलं तेव्हा अकरा जण धावून आले होते. लाज सांगितली तेव्हा या माणसांनी मला धरलं होतं, आणि मी त्यांना फुशारकी दिली. दोघांनी लिहिलं की आता कुणाचाच आकडा खरा वाटणार नाही. साताऱ्याच्या बाईंनी हजेरी बंद केली. रविवार रिकामा गेला. त्या हजेरीच्या जिवावर आठवडा काढणारी माणसं होती, मीही त्यातलाच. एक चांगली रीत माझ्यामुळे मोडली.

बाईंचं काही आलं नाही. एक दिवस, दोन, तीन. मी दिवसातून किती वेळा बघितलं ते मोजलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या तक्त्याखाली लिहिलं.

‘दादा, मी रागावले आहे, आणि तो राग इतक्यात जायचा नाही. यांना वाचून दाखवलं. हे पुष्कळ हसले. म्हणाले, म्हणजे आपण त्या वहिनींच्या पुढे होतो तर. आता रोज विचारतात, वहिनींचा आजचा खरा आकडा किती? मला तुम्हाला विचारायचं नव्हतं. पण ते ऐकत नाहीत.’

मी मोबाइल घेऊन पत्नीजवळ गेलो आणि जसंच्या तसं वाचलं. रागाचा भागही वाचला. ती ऐकत राहिली. ‘आपण पुढे होतो तर’ इथे तिच्या तोंडाची डावी बाजू जरा वर गेली. मग तिने काठीकडे बोट केलं.

त्या वेळी समोरच्या फार्महाऊसवर कुणाची तरी पार्टी चालू होती, स्पीकर लागला होता. त्या आवाजात आम्ही निघालो. एक फेरी झाली, चोवीस. ती वळली. परतीच्या सातव्या पावलाला तिचा तोल गेला आणि तिने माझा खांदा धरला, क्षणभरच. मग सोडला आणि तिथेच भिंतीशी असलेल्या खुर्चीत बसली. मी दाणा टाकला होता. वाटीत एकतीस.

तिने वाटी मांडीवर घेतली. डाव्या हाताने दाणे मोजले, सावकाश, पाच-पाचच्या ढिगांनी. एकतीसवा दाणा तिने उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“हा... तुमचा,” ती म्हणाली.

मी कार्डावर तीस लिहिलं. मग ब्लॉग उघडून बाईंच्या प्रतिक्रियेखालीही तेवढंच लिहिलं, तीस. मोबाइल तिच्यासमोर धरला. तिने आधी कार्ड बघितलं, मग मोबाइल बघितला, मग पुन्हा कार्ड. आता रोज बघते. मी लिहिलं की हात पुढे करते, आणि मी मोबाइल तिच्या हातात देतो.