रिलीव्ह

"नानी, शुक्रवारी मला रिलीव्ह करणार!" बदली पुण्याला झाली म्हणून नात खुशीत होती. या शब्दावर माझा मात्र अजूनही भरवसा नाही.

पूर्वी उर्दूत कारभार चालणारा आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, तेव्हाची गोष्ट. अब्बा एका कचेरीत कारकून होते. त्यांचं शिक्षण सगळं उर्दूत. आता मराठी न येणाऱ्यांना काढणार अशी कुजबुज होती, म्हणून ते माझ्याच पाटीवर बाराखडी गिरवायचे. एका संध्याकाळी त्यांनी इंग्रजीत टाइप केलेला कागद माझ्यापुढं धरला. मी सातवीत होते. एका शब्दाशी अडले, तेव्हा शाळेतल्या बाईंकडून आणलेला जाड इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला.

"रिलीव्ह म्हंजे दुःख हलकं करणं," मी सांगितलं. "मूळ लॅटिन शब्द हाय. ओझं उचलणं, असा."

अब्बांनी चष्म्यावरून माझ्याकडं रोखून पाहिलं. "सरकारला आमच्या दुःखाची फिकर कवापासून, बेटी? खाली अजून काय लिहिलंय?"

"तेच हाय, अब्बा."

त्यांनी कोश ओढून घेतला. पानांना डिंकाचा कुबट वास येत होता. मी सांगितलेल्या अर्थाच्या पुढच्या ओळीखाली बोट धरून ते अक्षर अक्षर जुळवू लागले, "का... मा... व... रून... मो... क... ळे... करणे."

मी खोटं बोलले होते, पण ते रागावले नाहीत. बोट तिथंच ठेवून बसून राहिले.

अब्बांनी स्वतःहून वाचलेली ती पहिली मराठी ओळ. एक अक्षर चुकलं नव्हतं.