हरकत मागून घेणारे कुलगुरू

कुणाची हरकत आहे का, असं विचारून खरोखर थांबणारा एकच सत्ताधारी मी पाहिला. आमचे पाद्रीसर. विचारायचे आणि चष्मा पुसत उभे राहायचे. कुणी बोललं नाही की म्हणायचे, "पटलं, की घाबरलात?"

सर मूळचे देवळाली कॅम्पातल्या एका चर्चचे पाळक. तिथून कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला आले, प्राचार्य झाले, शेवटी कुलगुरू. पदं बदलली, सवयी चर्चमधल्याच राहिल्या. तिथे लग्न ठरलं की तीन रविवार वधूवरांची नावं मोठ्याने वाचतात आणि हरकत विचारतात. सरांनी तो रिवाज विद्यापीठात आणला. विद्यार्थ्यांबद्दलचा प्रत्येक आदेश तीन सोमवार पायऱ्यांवर उभे राहून स्वतः वाचायचे, मगच तो लागू. अधिकारी मागे घड्याळ बघत हसायचे, "लावा लग्न."

मलाही ते नाटकच वाटायचं. आम्हा विद्यार्थ्यांच्या पत्रकात मी तसं छापलं. सरांनी बोलावून चहा पाजला. म्हणाले, "रागावतेस छान. पण वाचणाऱ्याला दम खाऊ देत नाहीस, बाळ."

मग आमचं मुलींचं वसतिगृह दुरुस्तीसाठी वर्षभर बंद करायचा आदेश आला. सही सरांचीच. दोन सोमवार मी काय केलं? खोलीत बसून जळजळीत पत्रक लिहिलं. तिसऱ्या सोमवारी पेठ तालुक्यातल्या खेड्यातली माझी खोलीसोबतीण म्हणाली, "तू लिहीत बस नुसती. मी घरी गेले की बा माझं लगीन उरकून मोकळा होईल."

पत्रक तिथेच टाकून पायऱ्यांकडे पळाले. सरांनी विचारलं, तेव्हा म्हटलं, "हरकत आहे. घरी गेलेली मुलगी परत येत नाही, सर."

सरांनी हातातला आदेश घडी घालून खिशात ठेवला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "सही करताना मी इमारत पाहिली, मुली पाहिल्या नाहीत. आदेश मागे."

दुरुस्ती एकेक मजला करून झाली. माझी सोबतीण आज शिक्षिका आहे. सरांना मात्र वरून ऐकवलं गेलं की हे विद्यापीठ आहे, चर्च नाही. दुसरी मुदत मिळाली नाही. त्या निर्णयावर कुणी हरकत विचारली नाही.

यंदा वसतिगृह बंद करायचा आदेश पुन्हा निघालाय. थेट संकेतस्थळावर, शुक्रवारी संध्याकाळी. मी देवळालीला धावले. सर अंथरुणाला खिळले होते. एक फोन करा म्हणून विनवलं, तर हसले. "माझी सही आता चालत नाही. तुझी कधीच चालत नव्हती, तरी तू माझी खोडलीस ना?"

आठवड्याने ते गेले.

मुली अजून हललेल्या नाहीत. त्या आणि आम्ही जुन्या विद्यार्थिनी मिळून निवेदन देतो, पोचेचा शिक्का मिळतो, कार्यालयाची खिडकी बंद होते. उद्या पुन्हा जायचंय. सरांशी भांडताना मला कधी आवाज चढवावा लागला नव्हता. आता घसा बसलाय.