फिल्मखालचे नारिंगी ठिपके

अकरा मार्च, मंगळवार. सकाळचं काम: गेल्या आठवड्यात लावलेल्या फिल्मच्या कडा तपासणे.

काम कंटाळवाणं असतं. हातात टॉर्च घ्यायचा आणि गाडीभोवती फिरायचं. कुठे कड सुटलीय का, कुठे पाण्याचा फुगा राहिलाय का, ते बघायचं. मी पिकअपच्या मागच्या फळीपाशी पोचले, टॉर्च तिरका धरला आणि मला पहिला ठिपका दिसला. नारिंगी. मोहरीपेक्षा लहान. नखाने खरवडून पाहिला. नख नुसतं सरकलं. ठिपका फिल्मच्या खाली होता.

मग त्याच्या बाजूला दुसरा दिसला. मग तिसरा. मग मी मोजणं सोडून दिलं.

आमचं वर्कशॉप आयर्लंडमध्ये नास गावाच्या बाहेर एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. मालक डेक्लन. कामाला तो आणि मी. आम्ही गाड्यांना पीपीएफ लावतो. म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. जाड, पारदर्शक, थोडी ताणली जाणारी. ती गाडीच्या रंगावर चिकटवली की खडे, ओरखडे, पक्ष्यांची घाण, सगळं ती स्वतःवर घेते आणि खालचा रंग जसाच्या तसा राहतो. फिल्म ओली लावतात. खाली साबणाचं पाणी मारायचं, फिल्म जागेवर सरकवायची आणि रबरी पट्टीने पाणी बाहेर ढकलायचं. थोडी ओल तरीही राहते. ती पुढच्या काही दिवसांत सुकते.

या गाडीला रंगच नव्हता. इलेक्ट्रिक पिकअप, अमेरिकेतून आलेली, अंगावर नुसतं उघडं स्टेनलेस स्टील. तिला इथल्या रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, त्यामुळे ट्रेलरवरून आली होती आणि ट्रेलरवरूनच जाणार होती. आणणारा मंदार वानखडे. मूळ नागपूरचा, चाळिशीचा. गाड्या चार्ज करायची यंत्रं बनवणारी त्याची छोटी कंपनी आहे. शुक्रवारी टॅला गावात एका प्रदर्शनात त्याचा स्टॉल होता आणि लोक थांबावेत म्हणून त्याने ही गाडी एका हौशी माणसाकडून मागून आणली होती. उघड्या स्टीलवर बोटाचा प्रत्येक ठसा उमटतो. म्हणून फिल्म. गाडी जशी आणली तशी परत द्यायची, एवढंच मंदारने मला तीन वेळा सांगितलं होतं.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी पुण्यात मेटलर्जी शिकले. आयर्लंडला आल्यावर बरीच वर्षं मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात होते. शरीरात बसवायचे स्क्रू, पट्ट्या. तिथे एक नियम होता. जे केलं ते लिहायचं, जे लिहिलं ते केलेलं असायला हवं. न केलेल्या कामावर सही केली तर त्याच दिवशी घरी. वर्कशॉपमध्ये आल्यावर मीच डेक्लनला जॉब शीट बनवून दिली. प्रत्येक पायरीपुढे चौकोन, खाली सही. त्यात एक चौकोन आयर्न टेस्टचा आहे. गाडीवर एक पाण्यासारखा द्राव फवारायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. पृष्ठभागावर लोखंडाचे कण रुतलेले असतील तर तिथे तो जांभळा होतो. मग ते काढून टाकायचे आणि त्यानंतरच फिल्म.

या गाडीला मी ती टेस्ट केली नव्हती. गाडी जवळजवळ चाललेलीच नव्हती. नवीकोरी, स्टेनलेस, तिच्यावर लोखंड येणार कुठून? चौकोनात टिक मात्र केली होती. आणि सही.

डेक्लन साडेनऊला आला. मी त्याला फळीपाशी नेलं. तो गुडघ्यावर बसला, चष्मा कपाळावर चढवून त्याने नाक फिल्मला टेकवलं.

"गंज?"

"तसंच दिसतंय."

"स्टेनलेस आहे म्हणे."

"स्टेनलेसलाही गंज येतो. त्याला थोडी मदत लागते."

"मग ही मदत फिल्मच्या गोंदाने केलीय," तो उठत म्हणाला. "रोल खराब आहे. मी आत्ताच सप्लायरला फोटो पाठवतो. तुझी शीट जोडतो. आयर्न टेस्ट झालीय ना?"

"शीटवर टिक आहे," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. डेक्लन "ग्रँड" म्हणाला, म्हणजे ठीक, आणि ऑफिसात गेला.

काय पणाला लागलं होतं ते मला नीट माहीत होतं. या सप्लायरची फिल्म लावायची मान्यता आमच्या वर्कशॉपला आहे. ती मिळवायला डेक्लनला दोन वर्षं लागली. आमची बहुतेक कामं त्या मान्यतेवर येतात. खोट्या शीटवर तक्रार गेली आणि ती खोटी ठरली, तर मान्यता जाईल. फिल्म लावताना डेक्लनचा हात माझ्याइतकाच होता, पण सही माझ्या एकटीची होती.

मी चहा केला आणि प्यायले नाही. मग पुन्हा टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरले. यावेळी घाबरून नाही, नीट. खडूने फिल्मवर प्रत्येक ठिपक्याभोवती गोल काढत गेले.

अर्ध्या तासाने मागे सरून पाहिलं. ड्रायव्हरच्या बाजूला ठिपकेच ठिपके. मागच्या फळीवरही. दुसरी बाजू स्वच्छ. छपराजवळ एकही नाही. साधारण माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर ठिपके जणू रेघ मारल्यासारखे थांबले होते. गोंद वाईट असता तर तो खांद्यापाशी का थांबला असता? रोल एकच होता, दोन्ही बाजूंना तोच लावला होता.

आणि ठिपके विखुरलेले नव्हते. ते अर्धगोल रांगांमध्ये होते. एकाला एक लागून, पंख्यासारखे. आम्ही स्टील पुसतो ते सरळ, त्याच्या रेघांच्या दिशेने. गोल हात आम्ही कधीच फिरवत नाही. गोल हात कुठे फिरतो ते मला चांगलं माहीत होतं. माझ्या स्वतःच्या सिंकमध्ये फिरतो.

मी मंदारला फोन लावला.

"मंदार, गाडी आमच्याकडे येण्याआधी कुठे होती?"

"घरी, ताई. ॲडम्सटाउनला. गोडाउनची चावी मिळाली नव्हती ना, तीन दिवस दारातच उभी होती. का? काय झालं?"

"कुणी धुतली?"

"छे! मी हात पण लावू दिला नाही कुणाला. म्हणजे शेजारची मुलं लावायची, पण कापडाने पुसायचो मी. ताई, काय झालंय? शुक्रवारी..."

"एका बाजूला तुमची भिंत आहे का?"

"हो, ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला. भिंतीला चिकटूनच लावली होती."

"घरात सध्या कोण कोण आहे?"

"मी, बायको, मुलगी. आणि आई आलीय नागपूरहून."

"काकूंना फोन दे."

मग मला लांबून हाक ऐकू आली, पाठोपाठ पावलं.

"हां, बोल बाई," काकू म्हणाल्या.

"काकू, मी नासहून बोलतेय. मंदारची गाडी आमच्याकडे आहे. तुम्ही ती स्वच्छ केली होती का?"

"केली न! काय अवतार झाला होता तिचा! पोट्ट्यांचे हात लागू लागू पूर्ण चिकट. अन् हा कापडानं पुसे, त्यानं काय होते? हे दोघं ऑफिसले गेले, अन् मी दोन सकाळी बसली. लख्ख केली."

"कशाने घासली?"

"तारेच्या घासणीनं. नागपूरहून आणली होती मी, इथली हिरवी घासणी काही कामाची नाही. वरपर्यंत हात नाही पोचला माझा, नाहीतर वरूनही केली असती."

मागून मंदारचा आवाज आला. "आई! काय केलंस तू?"

"अरे, चूप बस! स्टीलच आहे न ते? घरची भांडी चाळीस वर्षं झाली घासतो. एकाले तरी गंज चढला का?"

प्रश्न बरोबर होता. उत्तरही सोपं आहे. तारेची घासणी साध्या लोखंडाची असते. घासताना तिचे बारीक कण स्टीलमध्ये रुततात. घरचं पातेलं आपण रोज धुतो, पुसतो, पालथं घालतो. कण टिकत नाहीत. या गाडीवर मात्र आम्ही ते कण ओल्या फिल्मखाली झाकून ठेवले होते. लोखंड आणि ओल, वर झाकण. यापेक्षा गंजाला आणखी काय हवं?

मी काकूंना एवढंच सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मंग आता पोराचं काय होईन? दुसऱ्याची गाडी आहे न ती?"

"शुक्रवारपर्यंत नीट करून देते," मी म्हणाले. तेव्हा मला खात्री नव्हती.

फोन ठेवला आणि पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. कारण सापडलं होतं. दोष फिल्मचा नव्हता, आमच्या हाताचाही नव्हता. मी ऑफिसच्या दिशेने चार पावलं गेले असेन. मग थांबले.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा लोखंड तिच्यावर होतंच. टेस्ट केली असती तर अर्धी गाडी जांभळी झाली असती. माझ्या शीटवर लिहिलं होतं की टेस्ट झाली आणि काही सापडलं नाही. दोष फिल्मवर गेला तर माझी टिक सुरक्षित. खरं कारण सांगितलं तर टिक खोटी. मधली जागा नव्हती.

खरं सांगायचं तर मी दोन मिनिटं तिथेच उभी राहिले. सप्लायर मोठा आहे, एक रोल त्याला काही जड नाही, असंही मनात आलं. कारखान्यात असं बोलणाऱ्यांना मी स्वतः घरी पाठवलेलं आहे.

डेक्लन मेल लिहीत होता. शीटची स्कॅन जोडलेली स्क्रीनवर दिसत होती.

"पाठवू नकोस," मी म्हणाले. "रोल ठीक आहे. गाडी भांडी घासायच्या तारेने घासलेली आहे. मंदारच्या आईने."

तो आधी हसला. मोठ्याने. "आईने? अख्खी?"

"हात पोचला तिथपर्यंत."

"मग उत्तमच! मग आपला काहीच..." तो शीटकडे बघून थांबला. हसू गेलं. तो बावळट नाही. "टेस्टमध्ये कसं नाही आलं?"

"टेस्ट केली नव्हती. टिक केली होती."

त्याने शीट वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. बाहेर कुणाचा तरी फोर्कलिफ्ट मागे येताना पिंपिं करत होता.

"तू," तो शेवटी म्हणाला. "ही शीट तू मला शिकवलीस, शुभा. मी सिगारेटच्या पाकिटावर लिहायचो, तेव्हा तू मला लेक्चर दिलं होतंस."

"हो."

"आणखी किती गाड्या?"

"ही एकच."

"हे मी खरं कसं मानू?"

ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. मी तसंच सांगितलं. त्याने मेल काढून टाकला आणि कोट काढून खुंटीला लावला.

"युअर मॅनला शुक्रवारी गाडी हवीय," तो म्हणाला. युअर मॅन म्हणजे तो अमुक माणूस, इकडे नाव न घेता असंच म्हणतात. "सांग काय करायचं."

आम्ही फिल्म काढली. हळू, गरम हवा मारत, नाहीतर गोंद मागे राहतो. मग मी टेस्टचा द्राव फवारला. ड्रायव्हरची बाजू जांभळीगर्द झाली, अर्धगोलांसकट. डेक्लन नुसता बघत राहिला. ते धुतलं. त्यानंतर सायट्रिक ॲसिडची जेल लावली, म्हणजे आपलं लिंबूसत्त्वच, जाडसर करून. ती रुतलेलं लोखंड खाते आणि स्टेनलेसला हात लावत नाही. स्क्रू आणि पट्ट्यांना आम्ही हेच करायचो, पण ते टाकीत बुडत. पिकअप बुडत नाही. जेल सुकू न देता दर थोड्या वेळाने पुन्हा लावत बसावं लागलं. धुवायचं, टेस्ट करायची, जिथे जांभळं दिसेल तिथे पुन्हा. बुधवार त्यातच गेला. संध्याकाळी फळीच्या खालच्या कोपऱ्यात एक डाग हटेना, तेव्हा मला वाटलं, आपण हरलो. तो चौथ्या वेळी गेला.

गुरुवारी गोल ओरखड्यांवरून धातू नसलेली पॅड सरळ रेघांत चालवली आणि नवी फिल्म लावली. शुक्रवारी सकाळी ट्रेलर आला. मंदारने गाडीभोवती दोनदा चक्कर मारली. तिसऱ्यांदा मीच त्याला एक जागा दाखवली. दाराच्या खाली, तिरक्या उजेडात, एक अर्धगोल अजून दिसतो.

"गाडीच्या मालकाला सांग," मी म्हणाले. "त्याने स्वतः शोधण्याआधी."

"आईचं नाव सांगू?"

"तुझं सांग. गाडी तू आणलीस."

त्याने सांगितलं. मालक कुरकुरला, पण गाडी त्याने परत घेतली.

डेक्लनने माझ्यावर तीन महिने दुसऱ्या सहीची अट घातली. मी केलेलं प्रत्येक काम तो तपासणार आणि माझ्या सहीखाली सही करणार. मला राग आला नाही. त्याच्या जागी मी सहा महिने ठेवले असते.

यातून शिकायचं ते फार नाही. नवी गाडी स्वच्छ असते हा अंदाज आहे, तपासणी नव्हे. आणि चौकोनात टिक करायला टेस्टपेक्षा कमी वेळ लागतो, हाच त्या चौकोनातला दोष.

शनिवारी सकाळी मी लवकर जाऊन शीट बदलली. चौकोन काढून टाकले. तिथे आता लिहावं लागतं: किती वाजता फवारलं, किती वाजता पाहिलं, रंग कोणता दिसला. सुरुवातीला एक प्रश्न घातला: घरातल्या कुणी, कशाने गाडी धुतली? मग दारातली काळी हॅचबॅक आत घेतली, फवारलं आणि घड्याळ धरून दहा मिनिटं तिच्यासमोर उभी राहिले. रंग बदलला नाही. तसं लिहिलं, सही केली आणि डेक्लनला हाक मारली. त्याने कॉफी खाली ठेवली, वाकून सगळी गाडी पाहिली आणि माझ्या सहीखाली सही केली.